पाणी कोणते घ्यायचे?

आजोळच्या विहिरीचे पाणी जड होते. मराठवाड्यातल्या त्या गावात 'जड' हा शब्द पाण्याच्या वजनासाठी नव्हे, तर स्वभावासाठी वापरला जाई. त्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नसे, बंबाच्या आत वर्षभरात पांढरी खपली धरे आणि साबणाला फेस म्हणून येत नसे. धुण्याच्या दगडावर वडी घासली की फेसाऐवजी नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या साचत, बादलीच्या कडेला राखाडी रेघ उमटे आणि आजी म्हणे, "साबण फुटला गं." न्हाण्यासाठी तिने रिठे आणि शिकेकाई शेवटपर्यंत सोडली नाही, त्यामागे परंपरेइतकाच त्या विहिरीचाही हात असावा. साबण फुटतो म्हणजे नेमके काय होते, हे मला नीट कळायला पुढे वीसेक वर्षे आणि एक अर्धेमुर्धे फसलेले संशोधन खर्ची पडले.

साबणाचा रेणू दोन स्वभावांचा असतो. त्याची शेपटी कार्बन आणि हायड्रोजन यांची, बहुतेक वेळा सोळा-अठरा कार्बनांची लांब साखळी असते. तिला पाणी मानवत नाही. डोके मात्र दोन ऑक्सिजनांचे, ऋणभारित आणि पाण्यावर जीव असणारे. अशा दुहेरी स्वभावाच्या रेणूंना सर्फॅक्टंट म्हणतात; रिठ्यातली सॅपोनिने याच कुळातली आहेत, फक्त त्यांच्या डोक्याच्या जागी शर्करेच्या साखळ्या असतात. विहिरीच्या जड पाण्यात काळ्या मातीतल्या चुनखडीचे आणि खडकाचे कॅल्शियम उतरलेले असते. कॅल्शियमचा एक आयन साबणाची दोन डोकी एकदम पकडतो, त्यातून जे तयार होते ते पाण्यात विरघळत नाही, आणि तीच ती गुठळी. आजीच्या बादलीत कॅल्शियम मोकळे फिरत होते. तेच कॅल्शियम दगडाच्या पृष्ठभागावर घट्ट बसलेले असेल, तर साबणाचा रेणू त्या दगडावर जाऊन चिकटेल का, किती घट्ट चिकटेल आणि शेजारच्या दुसऱ्या दगडापेक्षा याच दगडाला का पसंत करेल, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता.

या चिकटण्याला मराठीत अधिशोषण म्हणतात. शोषणात पदार्थ आत मुरतो, अधिशोषणात तो वरच्या वर बसतो. एका लग्नात आमच्या दूरच्या काकांना मी अधिशोषणावर काम करते असे सांगितले, तेव्हा त्यांनी गंभीरपणे मान हलवून, "करायलाच हवे, खेड्यांत अजून फार चालते ते," असे म्हटले होते. मी दुरुस्ती केली नाही.

माझ्या टेबलावर तेव्हा दोन खडे असत. एक जांभळट, काचेसारखा फ्लुओराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लुओराइड. दुसरा दुधी कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, बंबातल्या खपलीचाच सुघड भाऊ. निसर्गात हे दोघे पुष्कळदा एकत्र सापडतात. गुजरातमध्ये छोटा उदेपूरजवळच्या आंबाडोंगर इथे कार्बोनेटी अग्निजन्य खडकात फ्लुओराइटचा मोठा साठा आहे आणि तिथे कॅल्साइट त्याची पाठ सोडत नाही. हायड्रोफ्लुओरिक आम्ल बनवायचे तर फ्लुओराइट ९७ टक्क्यांपर्यंत शुद्ध लागतो, त्यामुळे दोघांना वेगळे करणे भागच असते. त्यासाठी खनिज बारीक दळून पाण्यात कालवतात, त्यात ओलिक आम्लाचा क्षार, म्हणजे ओलिएट, जवळजवळ साबणच, अगदी थोडा घालतात आणि खालून हवा सोडतात. ज्या कणांवर साबणाच्या रेणूंनी डोके टेकवून शेपट्या बाहेर काढल्या असतील ते कण पाण्याला परके होतात, बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर येतात. बाकीचे तळाशी राहतात. याला फ्लोटेशन म्हणतात. ही रीत विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणींत मोठ्या प्रमाणावर रुळली आणि आज तांबे, जस्त, शिसे यांचे बहुतेक उत्पादन तिच्यावर उभे आहे. तांब्याच्या सल्फाइडला वाळूपासून वेगळे करणे तुलनेने सोपे असते, कारण दोघांची जातकुळी निराळी. फ्लुओराइट आणि कॅल्साइट यांच्या बाबतीत अडचण ही, की दोघांच्याही पृष्ठभागावर साबणाला भेटतो तो कॅल्शियमच. एकाच आडनावाच्या दोन घरांपैकी बरोबर घरी पत्र पोहोचवायचे, तसे हे काम आहे.

अधिशोषणाचे पहिले नेटके गणित आयर्विंग लँगम्युअर यांनी १९१८ साली मांडले. त्यांचे गृहीतक मला नेहमी एखाद्या आदर्श पंगतीसारखे वाटते: पाने ठरावीक, प्रत्येक पानाला एकच माणूस, सगळी पाने सारखी आणि शेजारी कोण बसले आहे याची कुणालाच फिकीर नाही. वायूच्या साध्या रेणूंना हे बऱ्यापैकी लागू पडते. सर्फॅक्टंटची पंगत मात्र खऱ्या लग्नातल्यासारखी असते. सुरुवातीला एखाददुसरा येऊन अवघडून बसतो. मग ओळखीचा चेहरा दिसला की त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, आणि पाहता पाहता अख्खी रांग भरते. गॉडिन आणि फ्युर्स्टेनाउ यांनी १९५५ साली क्वार्ट्झवर धनभारित सर्फॅक्टंट कसे बसतात याचा अभ्यास करताना हेच ओळखले: एका ठरावीक प्रमाणानंतर पृष्ठभागावरच्या शेपट्या एकमेकींना बिलगतात आणि रेणूंचे लहान घोळके तयार होतात. पाण्यात साबणाचे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून जो गोळा बांधतात त्याला मायसेल म्हणतात; दगडावरच्या या घोळक्यांना त्यांनी 'हेमिमायसेल', म्हणजे अर्धे मायसेल, असे नाव दिले. पुढे १९६६ मध्ये मूळचे केरळचे पोनिसेरिल सोमसुंदरन आणि फ्युर्स्टेनाउ यांनी ॲल्युमिनावर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर, डोडेसिल सल्फोनेट हा बारा कार्बनांच्या शेपटीचा सर्फॅक्टंट चढवून, पाण्यात तो वाढवत नेला की दगडावर किती बसतो याचा जो आलेख काढला, तो या क्षेत्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी वहीत उतरवलेला असतो. तो आधी सावकाश चढतो, मग एकदम उभा राहतो, पुढे त्याची चढण मंदावते आणि शेवटी तो सपाट होतो. उभ्या चढणीत शेपट्यांची एकी असते. मंदावण्याच्या जागी दगडाचा विद्युतभार संपलेला असतो. सपाटीपाशी रेणूंना दगडापेक्षा पाण्यातच आपसांत मायसेल बांधणे परवडू लागते. शेपटीतला प्रत्येक कार्बन या एकीत मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या) सुमारे अडीच किलोज्यूलची भर घालतो. खोलीच्या तापमानाला उष्णतेची जी सततची थरथर असते, तिच्याएवढीच ही रक्कम आहे. एका कार्बनाच्या जोरावर काही टिकत नाही, बारांच्या जोरावर टिकते.

मला मात्र आलेख नको होता, कारण हवे होते. आलेख सांगतो की इतके रेणू बसले. ते कसे बसले, डोक्याचे दोन्ही ऑक्सिजन एकाच कॅल्शियमला धरून आहेत की दोन कॅल्शियमांत वाटले गेले आहेत, हे त्यातून दिसत नाही. त्यासाठी संगणकात दगड बांधावा लागतो, अणू अणू मांडून.

दगड बांधण्याचा तो काळ मला अजून आवडतो. स्फटिक ज्या पातळीवर सहज फुटतो तीच पातळी आधी घ्यायची, कारण चक्कीत तो तिथेच फुटणार. फ्लुओराइटच्या त्या पातळीवर कॅल्शियम षट्कोनी जाळीत बसलेले असतात आणि दोन शेजाऱ्यांतले अंतर ३.८६ अँगस्ट्रॉम असते; अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. कॅल्साइटच्या फुटीच्या पातळीवर त्यांची मांडणी आयताकृती, एका दिशेने ४.०५ आणि दुसऱ्या दिशेने ४.९९ अँगस्ट्रॉम. एका कॅल्शियमच्या वाट्याला फ्लुओराइटवर साधारण तेरा चौरस अँगस्ट्रॉम जागा येते, कॅल्साइटवर वीस. सरळ ताणलेल्या मेदाम्लाच्या साखळीचा आडवा छेदही जवळपास वीस चौरस अँगस्ट्रॉमचाच असतो. म्हणजे कॅल्साइटवर दर कॅल्शियममागे एक रेणू शिस्तीत उभा राहू शकेल, तर फ्लुओराइटवर त्यांची दाटी होईल. ओलिएटच्या साखळीत मध्येच दुहेरी बंध असल्यामुळे ती वाकलेली असते, तिला आणखी ऐसपैस जागा लागते. तुटलेल्या पातळीवर कॅल्शियमची भूक किती, हाही प्रश्न असतो: फ्लुओराइटच्या आत त्याला आठ शेजारी असतात, पृष्ठभागावर सात उरतात, कॅल्साइटमध्ये सहाचे पाच होतात. हे सारे आकडे हाताशी आल्यावर मला वाटू लागले की प्रश्न बराचसा भूमितीचा आहे आणि उत्तर माझ्या खिशात आहे.

मी दोन्ही दगडांवर एकेक साबणाचा रेणू ठेवला, गणित चालवले, आणि बंधाची ऊर्जा मोलमागे काही शे किलोज्यूल आली. इतके घट्ट बंध पाहून मी हरखून गेले. कॅल्साइट थोडा पुढे होता. तो कागद घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडे वाचले आणि विचारले, "छान आहे गं. पण यात पाणी कुठे आहे?"

पाणी नव्हतेच. मी निर्वात पोकळीत, चंद्रावर ठेवावा तसा दगड ठेवला होता आणि त्यावर साबण लावत होते. प्रयोगात मोजलेली अधिशोषणाची मुक्त ऊर्जा बहुतेक वेळा मोलमागे वीस ते चाळीस किलोज्यूलच्या घरात असते; माझा आकडा तिच्या कितीतरी पट होता, कारण खऱ्या दगडावर साबणाचा रेणू येतो तेव्हा जागा रिकामी नसतेच. तिथे आधीच पाणी बसलेले असते. कॅल्साइटच्या पृष्ठभागापासून साधारण २.३ अँगस्ट्रॉमवर पाण्याच्या रेणूंचा पहिला थर असतो, प्रत्येक कॅल्शियमवर एक असा, जवळजवळ स्फटिकाच्या शिस्तीने बसलेला. त्याच्या वर दुसरा, थोडा सैल. साबणाला बसायचे तर या पाण्याला उठवावे लागते, शिवाय स्वतःच्या डोक्याभोवती गोळा झालेले पाणीही झटकावे लागते. म्हणजे अधिशोषण ही दगड आणि साबण यांची सोयरीक कमी आणि जुन्या भाडेकरूला घराबाहेर काढण्याची खटपट अधिक आहे. ज्या दगडाने पाण्याला जास्त घट्ट धरले आहे तो साबणाला कितीही आवडत असला तरी व्यवहार महागात पडतो. मी पुन्हा मोजले तेव्हा पाण्याच्या एका रेणूवरची कॅल्साइटची पकड फ्लुओराइटच्या पकडीपेक्षा ठळकपणे जास्त निघाली, आणि माझ्या पहिल्या कागदावरचा क्रम पाण्यात उलटा झाला.

पाणी आले की गणिताचा पसारा वाढतो. अणूंच्या हालचालींचे गणित संगणकावर करण्याच्या या रीतीचा पाया घालणाऱ्यांत हैदराबादचे अनीसुर रहमान होते. त्यांनी १९६४ साली अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत द्रवरूप अरगॉनचे ८६४ अणू संगणकात हलते ठेवले आणि १९७१ मध्ये स्टिलिंगर यांच्याबरोबर पाण्याचे २१६ रेणू. माझ्या संगणकातल्या आभासी पेटीत सहा हजार होते. प्रत्येक अणूवर किती बल आहे ते काढायचे, त्याला एक फेम्टोसेकंदभर, म्हणजे सेकंदाच्या एक हजार लाख कोटी भागांपैकी एका भागापुरते सरकू द्यायचे आणि पुन्हा बल काढायचे. असे दहा लाख वेळा केले की एक नॅनोसेकंद पुरा होतो. कारखान्याच्या टाकीत साबण आणि दगड एकमेकांसमोर पाच मिनिटे घुसळले जातात. माझी पेटी आठवडाभर चालून वीस नॅनोसेकंदांपर्यंत पोहोचे. एवढ्या वेळात साबणाचा रेणू आपण होऊन पाण्याचा थर भेदून दगडापर्यंत जाईल याची शाश्वती नसे. बऱ्याचदा तो दुसऱ्या थरावर, उंबऱ्यावर बसलेल्या पाहुण्यासारखा रेंगाळे आणि गणित संपून जाई.

म्हणून त्याला ओढावे लागते. यासाठी जी पद्धत वापरतात तिला मी मनातल्या मनात पोहऱ्याची पद्धत म्हणत असे. दोराला बांधलेला पोहरा विहिरीत सोडताना दर वितीला थांबायचे, तिथे तो हिंदकळू द्यायचा, दोराला किती ओढ बसते ते नोंदवायचे आणि मग पुढची वीत सोडायची. साबणाच्या रेणूलाही आभासी दोर बांधून दगडापासून दूरच्या पाण्यातून अर्ध्या-अर्ध्या अँगस्ट्रॉमने जवळ आणायचे, प्रत्येक ठिकाणी त्याला पुरेसा वेळ हिंदकळू द्यायचे आणि सगळ्या नोंदी जोडून ऊर्जेची वाट काढायची. त्या वाटेवर पाण्याचे दोन थर दोन टेकड्यांसारखे दिसतात आणि टेकड्यांपलीकडे, दगडाला टेकून, एक खोलगट दरी. ती दरी किती खोल आहे हे माझे खरे उत्तर होते. हे वाचायला जितके सरळ वाटते तितके ते नाही. एका ठिकाणी रेणू आडवा झाला आणि तसाच राहिला, तर पुढच्या सगळ्या नोंदी बिघडतात, आणि बिघडल्या आहेत हे महिन्याने कळते.

दुसरी अडचण मात्र मला त्या काळात पुरेशी टोचली नाही, आणि तिथेच पुढच्या फजितीचे बीज होते. फ्लोटेशनच्या टाकीत साबण किती असतो? लिटरला मोलाचा दहा हजारावा भाग धरला, तर साबणाच्या एका रेणूमागे पाण्याचे साडेपाच लाखांहून अधिक रेणू पडतात. माझ्या पेटीत सहा हजार रेणूंमागे एक साबण होता, म्हणजे खऱ्यापेक्षा नव्वदेक पट दाट. एकटा रेणू घेऊन सोमसुंदरनांच्या आलेखातली उभी चढण कधीच दिसणार नव्हती, कारण ती घोळक्याची गोष्ट आहे. आणि वीस रेणू घातले की पेटी साबणाच्या काल्यासारखी होई. तरीही दोन दगडांची तुलना करण्यापुरते एकट्या रेणूचे उत्तर चालेल, असे आम्ही ठरवले. ते ठरवणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. फ्लुओराइटवरची दरी स्पष्टपणे खोल आली. आता प्रयोगशाळेत दोन्ही खनिजांचे छोटे फ्लोटेशन करून दाखवायचे, की प्रबंधातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण पूर्ण.

फ्लोटेशनची प्रयोगशाळा तळमजल्यावर होती आणि तिथले काम एक वयस्क तंत्रज्ञ पाहत. सगळे त्यांना काका म्हणत, ते मात्र कालच्या मुलीलाही मॅडम म्हणत. दळलेले खनिज चाळून झाले, ओलिएटचे द्रावण झाले, आणि काकांनी विचारले, "मॅडम, पाणी कोणते घ्यायचे? डिस्टिल्डचे कॅन संपलेत. बोअरचे घेऊ का?"

वर दोन मजल्यांवर सहा हजार पाण्याचे रेणू वर्षभर सांभाळणारी मी, घाईत म्हणून गेले, "कोणतेही घ्या काका. पाणी ते पाणी."

त्या दिवशी फ्लुओराइट आणि कॅल्साइट जवळपास सारखेच तरंगले, म्हणजे सारखेच कमी तरंगले. फेस मलूल होता आणि टाकीच्या कडेला राखाडी रेघ धरली होती. ती रेघ मी लहानपणापासून पाहत आले होते आणि तरीही मला ती ओळखू आली नाही, याचे आज मला प्रयोग फसण्यापेक्षा जास्त वाईट वाटते. काकांनी टाकी विसळताना फक्त एवढेच म्हटले, "या पाण्यात साबण फुटतो."

नंतर हिशेब केला. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा, म्हणजे आजीच्या भाषेतला जडपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास होता, म्हणजे दोन मिलिमोल. माझा ओलिएट त्याच्या विसाव्या हिश्शाइतका. प्रत्येक साबणाच्या रेणूमागे पाण्यात वीस मोकळे धनभारित आयन, बहुतेक कॅल्शियमचे आणि काही मॅग्नेशियमचे, वाट अडवून उभे होते. बहुतेक साबण दगडापर्यंत पोहोचलाच नाही, आजीच्या बादलीतल्यासारखा वाटेतच फुटला. एवढेच असते तर साबण वाढवून भागले असते. पण दख्खनच्या काळ्या खडकातून वर येणाऱ्या पाण्यात नुसते कॅल्शियम नसते, बायकार्बोनेटही भरपूर असते. हवेशी संपर्क आला, सामू चढला, की त्यातला काही भाग कार्बोनेट होतो. अशा पाण्यात फ्लुओराइटच्या पृष्ठभागावरचे फ्लुओराइड आयन निघून जातात आणि त्यांच्या जागी कार्बोनेट येऊन बसते. दगड आतून फ्लुओराइटच राहतो, पण अंगावर कॅल्साइटचा पातळ अंगरखा चढवतो. साबणाला दिसतो तो अंगरखा. ही गोष्ट १९७० च्या दशकात पृष्ठभागाचा विद्युतभार मोजून दाखवलेली होती. ती मी वाचलेलीही होती, पण कार्बोनेट माझ्या पेटीत नव्हते म्हणून ते माझ्या डोक्यातही नव्हते. दोन घरांतला फरक मी अँगस्ट्रॉमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजला होता आणि पाण्याने दोन्ही घरांना एकच रंग फासून ठेवला होता.

काकांनी डिस्टिल्ड पाणी मागवून घेतले, आम्ही पुन्हा प्रयोग केला आणि या वेळी क्रम गणिताप्रमाणे आला. प्रबंधात तो आला तसा छापला गेला. परीक्षकांनी कौतुक केले. बोअरच्या पाण्याची हकीकत परिशिष्टातल्या एका परिच्छेदात मावली, आणि आज मागे वळून पाहताना मला वाटते की प्रकरण तिचे व्हायला हवे होते आणि परिशिष्ट बाकीच्याचे.

याचा अर्थ अशी गणिते निरुपयोगी असतात असा कुणी काढला तर मी भांडेन. नवा रेणू घडवायचा असतो तेव्हा शंभर उमेदवारांतून पाच निवडायला त्यांचा फार उपयोग होतो. पुण्यातल्या टाटा संशोधन केंद्रात प्रदीप आणि बीना राय यांनी कॅल्शियमयुक्त खनिजांवर नेमके असे काम केले: दोन फॉस्फोनिक गट असलेल्या रेणूंमध्ये त्या गटांतले अंतर खनिजाच्या पृष्ठभागावरच्या कॅल्शियमांच्या अंतराशी कितपत जुळते, यावरून कोणता रेणू कोणत्या दगडाला धरील याचा अंदाज त्यांनी संगणकावर बांधला आणि प्रयोगाशी ताडून पाहिला. असा अंदाज किती टन फ्लुओराइट निघेल हे सांगत नाही. अमक्यापेक्षा तमका बरा, एवढा क्रम सांगतो. क्रम हाती असला की प्रयोगशाळेतले महिने वाचतात. घोळक्यांच्या बाबतीतही आपण अगदी अंधारात नाही. १९९५ साली माने आणि गाउब यांनी सूक्ष्म सुईने पाण्याखालचे पृष्ठभाग चाचपून दाखवले की एकाच जातीचा सर्फॅक्टंट ग्रॅफाइटवर अर्धगोल नळ्यांसारखा, अभ्रकावर पूर्ण नळ्यांसारखा आणि सिलिकावर गोळ्यांसारखा बसतो. सपाट चादरीची जी चित्रे पाठ्यपुस्तकांत असत, ती त्यानंतर मला कुणी मन लावून काढलेली दिसली नाहीत.

मी नंतर पेटीत कार्बोनेट आणि कॅल्शियम घालायला निघाले तेव्हा एक गमतीशीर अडसर आला. बोअरच्या त्या पाण्यात जितके कॅल्शियम होते तितकेच घालायचे, तर सहा हजार पाण्याच्या रेणूंमागे किती आयन येतात? पावसुद्धा नाही. आयनाचा तुकडा पडत नाही. घालायचा तर सबंध घालावा लागतो, आणि सबंध घातला की ते पाणी विहिरीचे न राहता चुन्याच्या निवळीच्या दिशेने जाते. मग विरळ पाण्यातल्या आयनाची 'किंमत' वेगळी काढायची, पृष्ठभागावर एखाद्या फ्लुओराइडच्या जागी कार्बोनेट बसवण्याचा खर्च वेगळा काढायचा आणि दोन्ही आकडे कागदावर जुळवायचे, असा मार्ग घ्यावा लागला. त्यात पेटी लहानच राहते आणि अख्खी विहीर समीकरणात एका पदाच्या रूपाने येते. मला हे काम जुन्या कामापेक्षा जास्त आवडते. यात सुंदर चित्रे निघत नाहीत, पण प्रत्येक गणितापूर्वी पाण्याचा तपशील विचारावा लागतो: सामू किती, कठीणपणा किती, क्षारता किती, टाकीतले पाणी ताजे की कारखान्यातच फिरून आलेले. फिरून आलेल्या पाण्यात जुना साबणही असतो आणि विरघळलेला दगडही.

गेल्या दिवाळीत आजोळी गेले होते. आजी नाही, विहीर आहे. तिच्यावर आता मोटर बसली आहे आणि मामीच्या ओट्यावर पाणी शुद्ध करण्याचे यंत्र लागले आहे. कठीणपणा मोजण्याची आता चांगली रसायने मिळतात, पण मी मुद्दाम जुनी रीत नेली होती. ॲबरडीनच्या थॉमस क्लार्क यांनी १८४० च्या दशकात ती रूढ केली: बाटलीत ठरावीक पाणी घ्यायचे, त्यात साबणाचे ठरावीक ताकदीचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे, दर वेळी बाटली हलवायची आणि फेस टिकेपर्यंत मोजत राहायचे. जोवर कॅल्शियम शिल्लक आहे तोवर साबण फुटतो. ते संपले की पहिला टिकाऊ फेस येतो. मी पायरीवर बसून थेंब मोजत होते. पाणी आधी दुधाळ झाले, मग त्यात पांढरे कण तरंगू लागले, फेस येई आणि पाहता पाहता बसून जाई. मामी दारातून बराच वेळ पाहत होती.

"काय गं, अजून फुटतोय का?" तिने विचारले.

मी बाटली पुन्हा हलवली. चौतिसावा थेंब पडला होता, आणि फेस अजून टिकत नव्हता.